शेळीचा विनय

काशीत राहावयाचे तर चार गोष्टींपासून जपावे, अशी एक जुनी म्हण उत्तरेत सर्वांच्या तोंडी आहे. विधवा, सांड, घाटाच्या पायऱ्या आणि संन्यासी या त्या चार गोष्टी होत. म्हण रचणारा कोणी खट्याळ बनारसीच असला पाहिजे. विधवांवर तर त्याने उघड अन्याय केला आहे; जगाने त्यांच्यापासून जपावे अशी नव्हे, तर जगाने त्यांना जपावे अशीच काशीतील विधवांची स्थिती शतकानुशतके होती. परंतु या यादीत एका रहिवाशाचे नाव नाही, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. अस्सीपासून राजघाटापर्यंत कोणत्याही घाटावर जावे, शेळी तेथे आहेच. ती पायऱ्यांच्या कठड्यावर उभी असते, नावाड्याच्या उलट्या घातलेल्या होडीवर बसलेली असते, निर्माल्यातील झेंडूची माळ शांतपणे चघळीत असते. पौष-माघाच्या थंडीत तिच्या अंगावर कोणाचा तरी जुना स्वेटर, मुलाचा आखूड झालेला सदरा किंवा गोणपाटाचा तुकडा असतो. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे अशा गल्लीतून ती रोज दोन वेळा जाते आणि येते. तरीही तिच्यापासून जपावे असे त्या म्हणकाराला वाटले नाही. सांडापासून जपावयाचे, पण शेळीपासून नाही, असे का व्हावे? हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. तथापि त्याचा माग काढीत गेले असता धर्मशास्त्र, कायदा, राजदरबार आणि रस्त्यावरचा खेळ अशा बऱ्याच ठिकाणी जावे लागते. या लेखात तोच माग काढण्याचा आमचा विचार आहे.

आरंभी एका शब्दाचा विचार केला पाहिजे. मराठीत आपण ‘विनय’ म्हणतो तेव्हा नम्रता एवढाच अर्थ मनात येतो. संस्कृतात त्याचा पहिला अर्थ वळण, शिक्षण, शिस्त असा आहे. नम्रता हे त्या शिक्षणाचे फळ. शिकविलेल्या घोड्याला ‘विनीत’ म्हणत, आणि कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणाचे नाव ‘विनयाधिकारिक’ असे आहे. त्यात वळण लावावयाचे आहे ते राजाला. घोड्याला आणि राजाला एकच शब्द लागू करणाऱ्या भाषेने एक मर्म ओळखले होते: ज्याच्या अंगी बळ आहे त्याने ते कोठे आवरावे हे शिकल्याशिवाय त्याच्याबरोबर दुसऱ्याला राहता येत नाही. शेळीचे बळ थोडे, पण तिला शिंगे आहेत, दात आहेत आणि अमर्याद कुतूहल आहे. अरुंद गल्लीत लहान मुलाला पाडण्यास, वाळत घातलेले लुगडे चावण्यास आणि माळिणीची टोपली उलथी करण्यास एवढे भांडवल पुरेसे होते.

आणि ही शेळी मनुष्याच्या घरी आज आलेली नाही. इराणातील झाग्रोस पर्वताच्या परिसरात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी ती माणसाळली, असे उत्खननांतून दिसते. आपल्या उपखंडाच्या दारात, बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे, इसवी सनापूर्वी सातव्या सहस्रकाच्या सुमारास वस्ती करणाऱ्या लोकांजवळ शेळ्या होत्या. म्हणजे वेद रचले जाण्याच्या कितीतरी आधीपासून तिचा आणि आपला शेजार आहे. वेदांत पूषन् या देवाचा रथ अजांनी ओढला आहे. पूषन् हा वाटा दाखविणारा, हरवलेली गुरे परत आणून देणारा देव, त्याला हे वाहन शोभते. मराठीने मात्र तिचा म्हणावा तसा मान राखलेला नाही. भित्र्या माणसाला आपण शेळपट म्हणतो. गबाळ्याला अजागळ म्हणतो, आणि तो शब्द शेळीच्या गळ्याखाली लोंबणाऱ्या निरुपयोगी लोळ्यांवरून आलेला आहे, हे आपल्या ध्यानीही नसते. जी अन्न देते तिला नावे ठेवण्यात मनुष्य मोठा उदार आहे.

काशी आणि शेळी यांचा संबंध सांगणारी सर्वांत बोधप्रद कथा जातकांत आहे. पाली जातकसंग्रहातील अठरावी कथा ‘मतकभत्त जातक’ या नावाने ओळखली जाते. वाराणसीत ब्रह्मदत्त राजा राज्य करीत असता तेथे तीन वेदांत पारंगत असा एक ब्राह्मण आचार्य होता. पितरांच्या अन्नदानासाठी त्याने एक बोकड आणविला आणि शिष्यांना सांगितले की, यास नदीवर न्या, स्नान घाला, गळ्यात माळ घाला आणि सजवून परत आणा. शिष्यांनी तसे केले. काठावर उभा असता तो बोकड प्रथम मोठ्याने हसला आणि मग रडू लागला. कारण विचारता त्याने आचार्यासमक्ष सांगितले की, मीही पूर्वी असाच वेदज्ञ ब्राह्मण होतो. एक बोकड मारला, म्हणून चारशे नव्याण्णव जन्मांत माझा शिरच्छेद झाला. आजचा पाचशेवा आणि शेवटचा, म्हणून हसलो. आणि मला मारून तुझ्या वाट्यालाही हेच येणार, म्हणून रडलो. ब्राह्मणाने त्याला अभय दिले, शिष्यांसह तो त्याचे रक्षण करीत हिंडू लागला. परंतु एका खडकाजवळ पाला खाण्यास बोकडाने मान वर केली, तोच वीज पडली आणि खडकाची कपरी उडून त्याचा गळा चिरला गेला. कथेचे तात्पर्य जातककाराने सांगितलेच आहे. आम्हांला तिच्यातील दुसरीच गोष्ट अधिक लागते. तो बोकड शिष्यांबरोबर मुकाट्याने नदीवर गेला, स्नान घालू दिले, गळ्यात माळ घालू दिली. म्हणजे तो चांगला वळण लागलेला प्राणी होता. आज घाटावर झेंडूची माळ चघळणारी शेळी पाहताना दोन सहस्र वर्षांहून जुने हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, आणि मनात प्रश्न येतो की, आपण प्राण्याला जे वळण लावतो ते कोणाच्या हितासाठी? हा प्रश्न येथे टाकून आम्ही पुढे जातो. शेवटी त्याकडे परत यावेच लागेल.

दुसरी कथा पुराणांतील आणि सर्वपरिचित आहे. दक्षप्रजापतीने यज्ञात शिवाचा अपमान केला, सतीने देहत्याग केला, वीरभद्राने दक्षाचे मस्तक उडविले आणि पुढे शिवाने प्रसन्न होऊन त्याच्या धडावर बोकडाचे शिर बसविले. काशीखंडाने ही कथा दक्षेश्वर लिंगाच्या निमित्ताने काशीत आणली आहे. शिवपूजेच्या शेवटी भक्त गाल वाजवून ‘बम् बम्’ असा जो आवाज करतात तो दक्षाच्या त्या नव्या मुखातून निघालेल्या पहिल्या स्तुतीचे अनुकरण होय, अशी परंपरागत समजूत आहे. कथेचा रोख मोठा मार्मिक आहे. मनुष्याचे शिर असताना दक्षाला सभेत कसे वागावे हे कळले नाही. बोकडाचे शिर आल्यावर कळले. ज्या देवाच्या नगरीत ही कथा नांदते तेथे शेळीला असभ्यतेचे प्रतीक मानणे अवघडच होते.

आता शास्त्राकडे वळू. सरकारी सेवेतील आमच्या वाचकांना हा भाग विशेष जवळचा वाटेल, कारण यात दंड आहे, वर्गवारी आहे आणि अपवादही आहेत. मनूने जी अठरा व्यवहारपदे सांगितली त्यांत ‘स्वामिपालविवाद’ म्हणजे गुरांचा धनी आणि गुराखी यांच्यातील तंटा हे एक स्वतंत्र पद आहे. शेळ्यामेंढ्यांना लांडग्यांनी घेरले आणि गुराखी धावून आला नाही, तर मेलेल्या जनावराचे पाप गुराख्याच्या माथी, असे मनु सांगतो. गावाभोवती शंभर धनुष्ये एवढी जागा चराईसाठी मोकळी ठेवावी, नगराभोवती तिप्पट ठेवावी. त्या जागेलगत कोणी शेत केले तर उंटाला वरून डोकावता येणार नाही आणि कुत्र्याडुकराला तोंड घालता येणार नाही असे कुंपण त्याने घालावे. कुंपण नसलेल्या तेथील पिकात जनावर शिरले तर गुराख्याला दंड नाही. किती समतोल दृष्टी आहे ही! जनावराने खाल्ले एवढ्यावरून शास्त्रकार निकाल देत नाही. तुम्ही कुंपण घातले होते काय, हे तो आधी विचारतो.

याज्ञवल्क्याने दंडाचे कोष्टकच दिले आहे. पीक नासणाऱ्या म्हशीसाठी आठ माष, गाईसाठी त्याच्या निम्मे, शेळीमेंढीसाठी त्याच्याही निम्मे. आणि जनावर नुसते खाऊन न जाता तेथेच बसले तर दंड दुप्पट. कौटिल्यानेही चराऊ रानात चरून जाणाऱ्या जनावरांसाठी अशीच उतरती पायरी लावली आहे: उंट व म्हैस यांना पाव पण, गाय, घोडा व गाढव यांना त्याच्या निम्मे, आणि शेळीमेंढीसारख्या क्षुद्र पशूंना एक षोडशांश पण, बसणाऱ्यास दुप्पट, रात्रभर राहणाऱ्यास चौपट. म्हणजे दोन्ही ग्रंथांत अपराध मोजला आहे तो तोंडाच्या आकारावरून आणि मुक्कामाच्या लांबीवरून. आणि भरपाई करावयाची आहे ती माणसाने. शेळीने काय करावे हे कोणत्याही स्मृतीत नाही. शेळीवाल्याने काय करावे हे सर्व स्मृतींत आहे.

याच प्रकरणांत काशीच्या सांडाचे रहस्यही सापडते. देवाच्या नावाने सोडलेला वळू, दहा दिवसांच्या आतील व्यालेली गाय आणि देवतांना वाहिलेले पशू यांना दंड नाही, असे मनु म्हणतो. याज्ञवल्क्यही सोडलेल्या पशूंना मोकळे करावे असेच सांगतो. वृषोत्सर्गात सोडलेल्या वळूला कोणी धनी नाही. म्हणून दंड नाही, म्हणून वेसण नाही आणि म्हणून वळणही नाही. १८२४ च्या सप्टेंबरात बिशप हेबर काशीस आला तेव्हा अरुंद गल्ल्यांत आडवे पसरलेले, माणसांना सरावलेले आणि सहजासहजी न उठणारे शिवाचे सांड पाहून तो चकित झाला. त्यांना हटवावयाचे तर फार हलक्या हाताने हटवावे लागते, हेही त्याने नोंदविले आहे. शेळीला असे अभय कोणत्याच शास्त्राने दिले नाही. तिला धनी होता आणि त्या धन्याला दंड होता. म्हणून तिला गल्लीत कसे चालावे हे शिकावे लागले. म्हणीत सांड आहे आणि शेळी नाही, याचे मूळ आमच्या मते येथे आहे. ज्याला जाब विचारला जात नाही त्याचे वर्तन बिघडते, हा नियम सांडापुरताच आहे असे मात्र कोणी समजू नये.

या शास्त्रपरंपरेचा महाराष्ट्राशी असलेला धागा येथे सांगितला पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य दरबारी, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी लिहिली. ते कल्याण म्हणजे आपल्या सीमेवरचे आजचे बसवकल्याण. पुढे सोळाव्या शतकात पैठणचे भट्ट घराणे काशीस जाऊन राहिले. त्या घराण्यातील नारायणभट्टाचा जन्म १५१३ चा. त्याने ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला आणि काशीच्या पंडितसभेत दाक्षिणात्यांना अग्रमान मिळवून दिला. त्याच्या एका नातवाने, कमलाकरभट्टाने, १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला. दुसरा नातू नीलकंठभट्ट याचा ‘व्यवहारमयूख’ गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत इंग्रजी न्यायालयांनीही प्रमाण मानला. याच घराण्यातील गागाभट्टाने १६७४ मध्ये शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला, हे सांगावयास नकोच. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात मराठी वस्ती वाढली ती याच ओघात.

आणि येथे एक गमतीचा योग आहे. नीलकंठाचा आश्रयदाता भगवंतदेव हा सेंगर राजपूत यमुना-चंबळा संगमाजवळच्या भरेह येथला. तो प्रदेश आजच्या इटावा जिल्ह्यात मोडतो, आणि तेथीलच चकरनगरचा मुलूख ही जमुनापारी शेळीची जन्मभूमी. उंच, लांब कानांची, पोपटासारख्या बाकदार नाकाची ही शेळी पुढे इंग्लंडात गेली आणि अँग्लो-न्यूबियन जातीच्या घडणीत तिचा अंश आला. जावा बेटात तर तिची संतती अजून इटाव्याच्याच नावाने ओळखली जाते. धनी आणि गुराखी यांच्या तंट्यांचे शास्त्र लिहिणाऱ्या मराठी पंडिताला आश्रय मिळाला तो उत्तरेतील सर्वांत नामांकित शेळीच्या मुलखातून. इतिहास असे योग जुळवितो आणि त्यांचा अर्थ सांगत नाही.

इंग्रजी अमलात १८७१ साली गुरांच्या घुसखोरीचा कायदा झाला. कोंडवाडा हा मराठी शब्द, उत्तरेत ज्याला कांजीहौस म्हणतात तो, या कायद्याने गावोगाव पक्का केला. पिकात शिरलेले जनावर धरून चोवीस तासांत कोंडवाड्यात पाठवावे, धन्याने दंड आणि खाद्याचा खर्च भरून ते सोडवून न्यावे, सात दिवसांत कोणी न आल्यास पुढे लिलाव करावा, अशी त्याची रीत. मूळ कायद्यातील दंडाचे कोष्टक वाचण्यासारखे आहे: हत्तीला दोन रुपये, उंट व म्हैस यांना आठ आणे, घोडा, बैल, गाय यांना चार आणे, वासरू, गाढव व डुक्कर यांना दोन आणे आणि शेळीमेंढीला एक आणा. म्हैस आठ, गाय चार हे याज्ञवल्क्याचेच प्रमाण. आणि आणा म्हणजे रुपयाचा षोडशांश, तेव्हा शेळीचा दंड कौटिल्याच्या कोष्टकाप्रमाणे नाण्याचा नेमका सोळावा हिस्सा! कायदा करणाऱ्यांनी कौटिल्याची नक्कल केली असे मात्र म्हणता येणार नाही. अर्थशास्त्राची संहिता शामशास्त्र्यांनी छापून प्रसिद्ध केली ती १९०९ साली. दोन राजवटींनी एकमेकींची ओळख नसताना एकाच निष्कर्षावर यावे, याचा अर्थ एवढाच की, शेताच्या बांधावर उभे राहून विचार केला तर न्याय बहुधा सारखाच सुचतो.

दंडाने शेळीवाला सावध होतो. शेळी कशाने शहाणी होते, हा पुढचा प्रश्न. इतिहासात याची दोन उत्तरे दिसतात. एक दरबारातले, एक रस्त्यावरचे. जहांगीर बादशहाने मारखोर नावाच्या पहाडी रानबोकडाचा बर्बरी शेळ्यांशी संकर घडवून आणला. त्यांची करडे इतर करडांहून वेगळी निघाली. त्यांच्या उड्या आणि चेष्टा चित्रकाराच्या कुंचल्याला पकडता येणार नाहीत असे बादशहाने आपल्या आत्मवृत्तात लिहिले, त्यांना सदैव आपल्याजवळ ठेवण्याचा आणि प्रत्येकाला साजेसे नाव देण्याचा हुकूम केला. सिंहासनाजवळ करडांना मोकळे बागडू देणे हे एक प्रकारचे शिक्षणच होय. नाव आले, रोजची जवळीक आली की भय जाते. दुसरे उत्तर मदाऱ्याचे. लाकडाचे लहान लहान खुंट एकावर एक रचावयाचे, प्रत्येक वेळी शेळी वर उचलून घेत जावयाची, आणि शेवटी चारही खूर तळहाताएवढ्या जागेवर आणून तिने स्तब्ध उभे राहावयाचे. वर कधी पाठीवर माकडही बसवावयाचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड डॅनियल क्लार्क या इंग्रज प्रवाशाने पॅलेस्टाइनमध्ये अगदी हाच खेळ पाहिला, तेव्हा ही विद्या गंगेपासून जॉर्डनपर्यंत पसरलेली होती असे दिसते. डोंगराची कडा चढणाऱ्या प्राण्याच्या खुराला कठीण कड आणि मऊ तळवा असतो, त्याचा हा उपयोग. हा खेळ पोटासाठी होता, आणि त्यात पुष्कळदा उपासमार व छडी होती. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने आणि त्याखालील २००१ च्या नियमांनी अशा खेळांना नोंदणीची अट घातली. माकड, अस्वल, वाघ यांचे खेळ तर १९९८ च्या अधिसूचनेने बंदच झाले. डुगडुगीचा आवाज आता गल्लीत क्वचित येतो.

या दोहोंमध्ये एक तिसरी रीत आहे. तिचा ग्रंथ कोणी लिहिला नाही, परंतु कोष्ट्याच्या, नावाड्याच्या आणि गरीब गृहिणीच्या घरी ती पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. मदनपुऱ्यात मागाच्या खोलीशेजारी, मल्लाहांच्या वस्तीत पायरीच्या कोनाड्यात शेळी बांधलेली असते. म्हैस ठेवावयास जागा नाही आणि गाय पोसावयास ऐपत नाही, तेथे ‘गरिबाची गाय’ म्हणजे शेळीच. बर्बरी जातीची ठेंगणी, उभ्या कानांची शेळी तर बांधून चारता येते म्हणून शहरांतच अधिक रुळली. तिचे नाव आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बर्बेरा बंदरावरून आले असे सांगतात. गांधीजींनी १९१९ च्या आरंभी दुखण्यातून उठताना गाईम्हशीच्या दुधाचे व्रत राखून शेळीचे दूध पत्करले, तेव्हा या उपेक्षित प्राण्याला राष्ट्रीय प्रतिष्ठाही लाभली. २०१९ च्या पशुगणनेत देशात शेळ्यांची संख्या १४ कोटी ८८ लाखांच्या घरात होती. एवढ्या शेळ्या माणसांत वावरतात आणि फारसे काही बिघडत नाही, याचे श्रेय त्या अलिखित रीतीला आहे.

ती रीत थोडक्यात अशी. करडू जन्मल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत जितके हात त्याच्या अंगावरून फिरतील तितके ते पुढे माणसांत निर्धास्त राहते. परंतु लाडाची एक सीमा आहे, आणि ती कपाळाशी आहे. करडाच्या कपाळाला तळहात लावून त्याला ढकलण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. करडालाही आवडतो, कारण त्याच्या जातीत टक्कर हीच कुस्ती. परंतु दीड शेराच्या करडाची जी गंमत ती मणभर वजनाच्या बोकडाची दुखापत होते, आणि तेव्हा दोष बोकडाला दिला जातो. तीच गोष्ट अंगावर उडी घेण्याची. करडू मांडीवर चढले तर कौतुक, शेळी चढली तर काठी. हा न्याय तिला कसा समजावा? म्हणून जाणती बाई पहिल्या दिवसापासून पाय खाली ठेवील तेव्हाच पाला देते, ढकलणाऱ्या तोंडाला देत नाही, आणि चारण्याच्या वेळा चुकवीत नाही. भुकेली शेळी सभ्य राहत नाही. मनुष्यही राहत नाही. दाव्याने पुढे ओढले की शेळी चारही पाय रोवते. शेजारून, गळ्याशी हात ठेवून चालले की मुकाट येते. मारल्याने ती शिकते ते एवढेच की हा हात टाळावा. माजावर आलेल्या बोकडाला कोणतेही वळण पुरे पडत नाही. एकट्याने, केवळ माणसांच्या हातावर वाढलेला बोकड तर माणसालाच आपला प्रतिस्पर्धी समजू लागतो. म्हणून वस्तीत त्याला खच्ची करतात किंवा बांधून ठेवतात. लोढणे आणि मुसके ही साधनेही आहेतच. परंतु ज्याच्या शेळीला ती लागतात त्याच्याकडे शेजारी जरा वेगळ्या नजरेने पाहतात.

विज्ञानाने या गृहिणींच्या अनुभवाला अलीकडे दुजोरा दिला आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी केंट परगण्यातील एका शेळीआश्रमात प्रयोग केले. २०१६ साली त्यांनी दाखविले की, खाऊची पेटी उघडेनाशी झाली म्हणजे शेळी जवळच्या माणसाच्या तोंडाकडे पाहू लागते, आणि तो माणूस तिच्याकडे तोंड करून असेल तर अधिक वेळ पाहते. २०१८ च्या प्रयोगात अनोळखी माणसांची हसरी आणि रागीट अशी छायाचित्रे टांगली असता शेळ्यांचा ओढा हसऱ्या चेहऱ्याकडे दिसला. म्हणजे आपण तिला वळण लावीत असता ती आपला चेहरा वाचीत असते. शिकविणारा एकटाच परीक्षक नसतो. तोही परीक्षेस बसलेला असतो.

आता सुरुवातीला टाकलेल्या प्रश्नाकडे परत आले पाहिजे. शेळीचा विनय म्हणजे अखेर तिचा विश्वास होय, आणि त्या विश्वासाचा शेवट पुष्कळदा सुरीने होतो. विंध्याचलच्या देवीपुढे बळी जातो तो याच हातांनी वाढविलेला. बकरीदेपूर्वी बेनियाबागेच्या बाजारातून आणलेला बोकड मुले चार दिवस कुरवाळतात, चारतात, नावाने हाक मारतात. कबीर याच नगरीतला कोष्टी; पशुहत्येबद्दल त्याने दोन्ही धर्मांच्या लोकांना सारखेच सुनावले. ‘शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड’ ही आपली म्हणही हेच दुःख ओळखून आहे. मांसाहार करावा की न करावा याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. तो ज्याचा त्याने करावा. परंतु इतके निश्चित की, ज्या प्राण्याला आपण भय सोडावयास शिकविले त्याच्याविषयी आपल्यावर एक ऋण चढते. रानातल्या हरणाशी आपला करार झालेला नाही. दारातल्या शेळीशी झालेला आहे. तिने ढुशी मारू नये, उडी घेऊ नये, गल्लीत बाजूला व्हावे, ही तिची बाजू. तिला उपाशी ठेवू नये, थंडीत उघडी ठेवू नये, छळू नये, आणि अंत करावाच लागला तर तो निर्दयपणे करू नये, ही आपली बाजू. माघाच्या थंडीत शेळीच्या अंगावर दिसणारा तो फाटका स्वेटर प्रवाशांना विनोदी वाटतो. आमच्या मते ती त्या कराराची पोच आहे. ज्याच्या स्वतःच्या अंगावर पुरते पांघरूण नाही त्याने ती दिलेली असते.

परमुलखात सरकारी कामावर असलेल्या आमच्या वाचकांना या साऱ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उत्तर आपल्याच भाषेत आहे. उंटावरून शेळ्या हाकू नयेत, असे मराठी माणूस म्हणतो. शेळीला वळण लावावयाचे तर उंटावरून खाली उतरावे लागते, तिच्या उंचीवर यावे लागते, शेजारून चालावे लागते, आणि आपला चेहरा ती वाचीत आहे हे विसरून चालत नाही. मनूने आधी कुंपणाची चौकशी केली आणि मग दंडाची, याज्ञवल्क्याने लहान तोंडाला लहान दंड ठेवला. ज्यांच्या हाती थोडीबहुत सत्ता आहे त्यांनी या दोन गोष्टी ध्यानी ठेवल्या तरी पुष्कळ झाले. सांडाला कोणी जाब विचारीत नाही, म्हणून काशीत लोक त्याला जपतात. शेळी माणसांत मिळून राहते, म्हणून तिला आपल्या अंगावरचे वस्त्र देतात. दोहोंपैकी कोणाचा मान मोठा, हे घाटावर घटकाभर बसणाऱ्याला आपोआप कळते.